नवी गोळी, ताप आणि पुरळ : गोवर समजून थांबू नका

ताप आला आणि अंगभर पुरळ उठले की घरातली मोठी माणसे ‘गोवर आला’ किंवा ‘बाहेरचे झाले’ म्हणतात. त्याआधी एक प्रश्न विचारा : गेल्या दोन महिन्यांत या माणसाला नवी गोळी सुरू झाली आहे का?

फिटवरची कार्बामाझेपिन व फेनिटॉइन, युरिक ॲसिडवरची ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या ही उपयोगी औषधे आहेत. पण क्वचित एखाद्याला त्यांतून ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ होतो. भाजल्यासारखी कातडी सुटते, जीवही जाऊ शकतो.

दहा जणांना पचणारी गोळी एकालाच का बाधते? शरीर आपले-परके पेशींवरच्या खुणांवरून ओळखते. या खुणांची जनुके आईवडिलांकडून येतात. काही खुणांना औषध चिकटले की शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटते. यात ना करणी, ना पूर्वजन्मीचे पाप. कार्बामाझेपिनशी जोडलेले असे जनुक २००४ साली तैवानमध्ये सापडले. २००९ च्या एका छोट्या भारतीय अभ्यासात, या गोळीने आजारी पडलेल्या ८ पैकी ६ जणांत तेच जनुक निघाले.

कुष्ठरोगाच्या पाकिटातील डॅप्सोनबाबतही चीनमध्ये २०१३ साली वेगळे जनुक सापडले. तिचा त्रास बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात दिसतो : ताप, पुरळ, कावीळ. म्हणून पाकीट टाकून देऊ नका. डॉक्टर डॅप्सोन बंद करून बाकीचा उपचार चालू ठेवू शकतात. जनुक असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, हेही लक्षात ठेवा.

धोक्याची लक्षणे : तापासोबत लाल-जांभळे चट्टे, तोंडात फोड, डोळ्यांची आग, कातडी सुटणे.

काय करावे?

१. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे कुटीर रुग्णालय गाठा. गाडीसाठी १०८ लावा. फिटची गोळी असेल तर दिरंगाई नकोच, कारण बदली औषध लगेच लागते.

२. गोळीचे पाकीट सोबत न्या. भगताकडे वेळ घालवू नका.

३. बरे झाल्यावर त्या औषधाचे नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, रेशनकार्डासोबत जपा. ती गोळी पुन्हा कधीही घेऊ नका.

४. सख्ख्या भावंडांत तेच जनुक असण्याची शक्यता साधारण निम्मी असते. त्यांनीही कोणत्याही दवाखान्यात हे आधी सांगावे.