थंडी, घाम आणि वस्त्रांचे थर

हैदराबादच्या थंडीने कोणाचे फारसे बिघडत नाही. पारा पंधरा अंशांकडे झुकला की आबिड्स-कोठीकडची आपली मंडळी कानटोप्या व मफलर बाहेर काढतात आणि संक्रांत उलटली की ते पुन्हा ट्रंकेत जातात. त्यामुळे गरम कपडे कसे घालावेत हा प्रश्न आपल्या दवाखान्यांत वैद्यकीय प्रश्न म्हणून सहसा येत नाही. माझ्याही आला नव्हता.

काही वर्षांपूर्वी केदारनाथला निघालेले एक सत्तरीचे गृहस्थ प्रकृती दाखवावयास आले. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर आणि मंद थायरॉईडसाठी एक गोळी चालू होती. मी ईसीजी पाहिला, औषधांची यादी लिहून दिली आणि निरोप देताना म्हणालो, "काका, कपडे मात्र भरपूर घाला." त्याच जथ्यात मीही होतो. काकांनी माझा सल्ला तंतोतंत पाळला. गौरीकुंडाहून निघतानाच अंगात सुती बंडी, सुती सदरा, दोन स्वेटर आणि वर जाड कोट होता. सुमारे १६ किलोमीटरची चढण त्यांनी त्याच पोशाखात चढली. सायंकाळी वर पोहोचून वाऱ्यात दर्शनाच्या रांगेत उभे राहिले. तासाभरात त्यांना कोटाचे बटण लावता येईना, बोलणे जड झाले. बरोबरच्यांना तो चढणीचा शीण वाटला. मी कोटात हात घातला, तर बंडी पिळून काढावी इतकी ओली!

केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे, म्हणजे हैदराबादपेक्षा सुमारे तीन हजार मीटर वर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, हे गणित सर्वांना ठाऊक असते. ध्यानात राहत नाही ते हे की पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. ऊब मुळात कापडात नसते. कापडाच्या तंतूंत अडकलेल्या स्थिर हवेत असते. घामाने त्या हवेची जागा घेतली की स्वेटर कितीही जाड असो, त्याचा उपयोग फार उरत नाही.

जुन्या हैदराबाद संस्थानात आदिलाबादच्या जंगलात हिवाळी शिकारीस जाणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असे. रानातून पायपीट करताना घाम फुटावा आणि मग मचाणावर तासन् तास निश्चल बसावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे ते युग संपले. परंतु आधी श्रम, मग स्थिरता, हा क्रम यात्रेकरूंच्या वाट्याला तसाच आला आहे.

म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर श्रेयस्कर. अंगालगत पातळ लोकरी किंवा पॉलिएस्टरचे वस्त्र असावे, जे घाम बाहेर सोडते. सुती बंडी येथे सर्वथा वर्ज्य समजावी, मग ती कितीही सवयीची असो. मधला थर हवा धरून ठेवणारा, म्हणजे स्वेटर अथवा फ्लीस. लोकर दमट झाली तरी थोडी ऊब राखते, हे आपल्या धनगराच्या घोंगडीने पावसात पूर्वीच सिद्ध केले आहे. बाहेरचा थर वारा व पाऊस अडविणारा, पण गळ्याशी उघडता येणारा. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीच्या अंगावरही रेशमी, सुती व लोकरी असे अनेक पातळ थर आणि वर गॅबर्डिन होते.

परंतु थर असणे पुरेसे नाही. ते वेळेवर काढावे व चढवावे लागतात. चालावयास लागताना किंचित थंडी वाजली पाहिजे. घाम येण्यापूर्वी मधला थर काढावा आणि थांबताक्षणी, थंडी वाजण्याची वाट न पाहता, पुन्हा घालावा. एक कोरडे अंतर्वस्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून वर पोहोचताच बदलावे. तंग बुटांत दोन जोड मोजे कोंबू नयेत. रक्तपुरवठा आवळला जाऊन पाय अधिकच गारठतात.

काकांना आम्ही आडोशाला नेऊन ओले कपडे उतरविले, कोरडी लोकर व रजया घातल्या आणि नीट गिळता येते हे पाहून गोड चहा पाजला. हातपाय चोळू दिले नाहीत, कुणी पुढे केलेली ब्रँडीही दिली नाही. तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब बाहेर जाते. दोन तासांनी ते नीट बोलू लागले. या उंचीवर असे अडखळणे मेंदूवरील सुजेचे किंवा रक्तातील साखर घटल्याचेही असू शकते. कपडे बदलून फरक न पडल्यास रुग्णास तातडीने खाली उतरवावे. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की शीतबाधा म्हणतात, आणि पाऱ्याच्या नेहमीच्या तापमापकाची पट्टी त्याच्या आसपासच सुरू होते. तेथे लक्षणेच पाहावी लागतात. कापरे थांबले आणि शुद्ध मंदावली, तर तो आराम नसून धोका आहे. अशा रुग्णास आडवे ठेवून अलगद हलवावे.

यात्रेसाठी प्रकृतीचा दाखला मागणाऱ्यास मी आता थायरॉईड, मधुमेह, बीटा-ब्लॉकर आणि झोपेच्या गोळ्यांविषयी विचारतो. या सर्वांनी थंडीशी झुंजण्याची किंवा थंडीची जाणीव होण्याची शक्ती कमी होऊ शकते. मग कपड्यांची पिशवी दवाखान्यात आणावयास सांगतो. बहुतेकदा तीत चार सुती बंड्या निघतात.