स्मृतिभ्रंश आणि वृद्ध दांपत्यातील संवाद

वार्धक्य हा वातप्राबल्याचा काळ होय. या वयात धी, धृती व स्मृती यांचा ऱ्हास होऊ लागला की त्याचा आघात प्रथम घरातील बोलण्यावर होतो. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून कुटुंबीय दुर्लक्ष करतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गावी वृद्ध जोडपी व नातवंडे उरतात. पट्टा पडेपर्यंत रुग्णाला सांभाळणारा बहुधा जोडीदारच असतो. म्हणून त्या दोघांतील संवाद टिकविणे हा चिकित्सेचाच भाग समजावा.

संवाद कसा बिघडतो?

प्रारंभी नेमका शब्द सापडत नाही. तोच प्रश्न वारंवार विचारला जातो. जोडीदारास हा हट्ट वाटतो. पुढे पैसे वा दागिने चोरल्याचा आळ, क्वचित चारित्र्यावर संशय येतो. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे तपासलेल्या ऑगस्टे डेटर या ५१ वर्षीय स्त्रीच्या आजाराची सुरुवातही पतीविषयीच्या संशयाने झाली होती. चरकाचार्यांनी उन्मादनिदानात स्मृतीसोबत भक्ती, शील, चेष्टा व आचार यांचाही विभ्रम सांगितला आहे, तो येथे लक्षात घ्यावा. आळ माणूस घेत नाही, व्याधी घेते, हे जोडीदारास समजावल्यास घरातील कलह पुष्कळ कमी होतो.

परीक्षण

जुन्या पिढीतील स्त्री पतीचे नाव उच्चारत नाही. तेवढ्यावरून स्मृतिदोष ठरवू नये. उखाणा घेण्यास सांगावे. मात्र पाठ असलेला उखाणा, ओवी वा अभंग दीर्घकाळ टिकतो, म्हणून तो आला तरी व्याधी नाही असेही समजू नये. काल कोण आले, सकाळी काय जेवण झाले, हे विचारून जोडीदाराकडून पडताळावे. जोडीदाराशी स्वतंत्रपणेही बोलावे. बहिरेपणा, मोतीबिंदू, नैराश्य, थायरॉईडचे विकार, बी-१२ ची कमतरता व डोक्यास मार यांचा शोध घ्यावा. काही तासांत वा दिवसांत अचानक भ्रम झाल्यास जंतुसंसर्ग वा अन्य तातडीचे कारण संभवते. रुग्णास विनाविलंब जिल्हा रुग्णालयात वा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे.

जोडीदारास सांगावयाचे संवादपथ्य

१. समोर बसून, नजरेस नजर देऊन बोलावे. केवळ ‘अहो’ वा ‘अगं’ म्हणून लक्ष वेधत नसेल तर हातास स्पर्श करावा.
२. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ‘काय खाणार?’ याऐवजी ‘भाकरी वाढू का?’ असे विचारावे.
३. ‘आठवत नाही का?’ हा प्रश्न वर्ज्य. चूक सिद्ध करू नये.
४. चोरीचा आळ आल्यास वाद न घालता ‘चला, दोघे मिळून शोधू’ म्हणावे.
५. शब्द लोपले तरी सूर व स्पर्श कळतो. ओवी, भजन, जुन्या गोष्टी यांचा रोज उपयोग करावा.

हा सत्त्वावजयाचाच व्यवहारातील प्रयोग होय.

औषधाविषयी

मंडूकपर्णी, यष्टीमधू, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने प्रकृती व अग्नी पाहून योजावीत. परंतु हरवलेली स्मृती परत येईल असे आश्वासन देऊ नये. चालू आधुनिक औषधे परस्पर बंद करू नयेत. औषधालय चालविणाऱ्यांनी ‘म्हातारा रात्री झोपू देत नाही’ या तक्रारीवर चिठ्ठीविना झोपेची गोळी देऊ नये. सर्दी-खाजेवरील क्लोरफेनिरामिनसारख्या गोळ्यांनीही वृद्धांचा भ्रम वाढू शकतो.

शेवटी, अशा घरात रुग्ण एक नसून दोन असतात. नाडी पाहून झाल्यावर सोबत आलेल्या जोडीदारास ‘तुम्हाला झोप लागते का, जेवण जाते का?’ असे अवश्य विचारावे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत मदतवाहिनीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा आणि परगावी गेलेल्या मुलांना दूरध्वनीवरून स्थिती समजावून सांगावी.