पाळीव कासवाचे घटते वजन : प्रथम ऊब, मग आहार
घरोघरी पाळले जाणारे रेड इअर्ड स्लायडर हे परदेशी कासव शीतरक्ती असल्याने त्याचे पचन भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते. हिवाळ्यात टाकीतील पाणी गारठले की ते सुस्तावते, अन्न सोडते व वजन घटते. अशा वेळी बळजबरीने भरवू नये. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस राखावे. बसण्यास कोरडा दगड ठेवावा. काच अतिनील किरणे अडवते, म्हणून सावलीची सोय ठेवून थेट कोवळे ऊन द्यावे. दर आठवड्यास वजन नोंदवावे. डोळे सुजल्यास, तिरके पोहत असल्यास किंवा तोंडाने श्वास घेत असल्यास त्वरित पशुवैद्यकास दाखवावे. मात्र कंटाळून ते तळ्यात सोडू नये; देशी कासवांच्या अन्नावर व जागेवर ते अतिक्रमण करते.