नोंदणीशिवाय घराची किल्ली घेऊ नका

इटलीत शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींचे फोन जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. पहिला प्रश्न बहुतेक हाच, की खोली किती युरोला मिळेल? मी सांगते, भाड्याचं नंतर बोला. घरमालक करार नोंदवणार आहे का, ते आधी विचारा.

मी तोरिनोला शिकायला आले तेव्हा सान साल्वारिओ भागात खोली घेतली. जुनी 'कासा दी रिंगिएरा' होती ती. आपल्या चाळीसारखं मधे अंगण आणि प्रत्येक मजल्यावर सामाईक गॅलरी. पोर्ता नुओवा स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर. मालकाने करारावर सही केली, अनामत आणि भाडं रोख घेतलं आणि नोंदणी आठवड्याभरात होईल असं सांगितलं. पुढे विचारलं की तारीख पुढे जायची. पावती मागितली की विषय बदलायचा. शेवटी त्याने स्पष्टच सांगितलं, नोंदणी हवी असेल तर भाडं वाढेल. भाड्याच्या उत्पन्नावर कर भरावा लागतो, तो चुकवण्यासाठी असे व्यवहार 'इन नेरो' म्हणजे कागदाबाहेर ठेवले जातात.

याचा फटका मला शिष्यवृत्तीत बसला. इथल्या प्रादेशिक शिष्यवृत्त्या कुटुंबाचं उत्पन्न पाहून दिल्या जातात आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतात. घरापासून दूर, भाड्याने राहणाऱ्या 'फुओरी सेदे' विद्यार्थ्याला सर्वांत जास्त रक्कम असते. पण अनेक ठिकाणी त्यासाठी किमान 10 महिन्यांचा नोंदवलेला करार दाखवावा लागतो. माझ्याकडे नोंदणी क्रमांकच नव्हता, त्यामुळे रक्कम कमी झाली. नगरपालिकेच्या 'आनाग्राफे' कार्यालयात रहिवासी म्हणून नाव लावायला गेले, तिथेही घराचा कागद मागितला. भाडं दर महिन्याला देऊनही त्या घरात मी राहते हे मला सिद्ध करता येत नव्हतं.

मग मी भाडेकरूंच्या संघटनेत गेले. 'सूनिया'सारख्या संघटना इटलीतल्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. नोंदणी करणं मालकाचं काम असलं तरी सही झालेला करार घेऊन भाडेकरूही कर कार्यालयात जाऊ शकतो, हे मला तिथे कळलं. संघटनेचं पत्र गेल्यावर मालकाने दंड भरून करार नोंदवला. शिष्यवृत्तीची गेलेली रक्कम मात्र परत मिळाली नाही.

म्हणून येण्याआधी एवढं लक्षात ठेवा. करारात लिहिण्यासाठी 'कोदिचे फिस्काले' हा 16 अक्षर-अंकी कर क्रमांक लागतो. तो भारतातल्या इटालियन वकिलातीतूनही काढता येतो. घर स्वतः किंवा तिथल्या ओळखीच्या कुणी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. विद्यार्थ्यांसाठी 6 महिने ते 3 वर्षांचा वेगळा करार असतो, तोच मागा. करार इटालियनमध्ये असेल, तर भाषा जाणणाऱ्याकडून तो वाचून घ्या आणि घर सोडण्याची नोटीस किती महिन्यांची आहे ते नीट पाहा.

30 दिवसांहून जास्त मुदतीचा करार सही झाल्यापासून 30 दिवसांत 'आजेन्झिया देल्ले एंत्राते' या कर खात्यात नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणीची पावती मागून घ्या. 1978 च्या कायद्यानुसार अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. भाडं बँकेतूनच द्या. करारात कमी आणि हातात जास्त भाडं मागणाऱ्याला नकार द्या. वरचे पैसे मागण्याचा त्याला हक्क नाही. घर सोडल्यापासून सहा महिन्यांत ते परत मागता येतात, पण त्यासाठी दिल्याचा पुरावा लागतो.

युरोपियन संघाबाहेरच्या माणसाला घरात ठेवणाऱ्याने 48 तासांत पोलिसांना लेखी कळवायचं असतं. त्याची प्रत घ्या. आल्यापासून कामकाजाच्या 8 दिवसांत पोस्टातून राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा असतो. सोसायटीचा खर्च आणि हीटिंग भाड्यात धरलंय का, तेही आधी विचारा. तोरिनोत हीटिंग साधारण 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल चालतं आणि त्याचं बिल मोठं येतं.

स्वस्त खोलीचा मोह मला समजतो, कारण कर्ज काढून येणाऱ्याला पन्नास युरोही मोठे वाटतात. तरीही पन्नास युरो जास्त देऊन नोंदवलेलं घर घ्या. परदेशात तुमची बाजू कागदच मांडतो. तो आधी हातात येऊ द्या, पैसे त्यानंतर द्या.