मराठी विज्ञानकथेची परिभाषा : काही शब्दांची व्युत्पत्ती आणि अर्थ

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी या गावी ऑगस्ट २०२१ मध्ये, पत्र्याच्या वस्तू तयार करणाऱ्या एका तरुण कारागिराचा स्वतः बनविलेल्या एक-आसनी हेलिकॉप्टरची चाचणी घेताना मृत्यू झाला. पंख्याचे पाते तुटून त्याच्यावर आदळले. या घटनेच्या मराठी वार्तांमध्ये त्या यंत्रासाठी 'हेलिकॉप्टर' हाच शब्द आला. त्याऐवजी दुसरा शब्द योजावा असे कोणास वाटले नाही. हा शब्द मुळात, ती वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वीचा आहे. १८६१ साली पाँतों दामेकूर या फ्रेंच गृहस्थाने ग्रीकमधील 'मळसूत्र' आणि 'पंख' या अर्थांचे शब्द जोडून तो सिद्ध केला. १८८६ साली ज्यूल व्हर्नने आपल्या 'रोब्यूर' या कादंबरीत अनेक उभ्या पंख्यांवर तरंगणारे हवाई जहाज उडविले. माणसाला घेऊन भरवशाने उडणारे हेलिकॉप्टर मात्र विसाव्या शतकातले. कल्पिताच्या शब्दाला वस्तू मागाहून मिळते, याचे हे एक ठळक उदाहरण होय.

मराठी विज्ञानकथेने असे शब्द कोठून घेतले? १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकातून व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप वाचकांपुढे आले, तेव्हा त्या प्रवासाला 'सफर' हा अरबी मूळ असलेला, व्यवहारात रुळलेला शब्द मिळाला. पुढे मात्र ओढा संस्कृतकडे राहिला. हिंदीने आकाशाच्या पलीकडच्या प्रदेशाला 'अंतरिक्ष' म्हटले. मराठीने 'अवकाश' आणि 'अंतराळ' असे दोन शब्द चालविले. पैकी 'अवकाश' या शब्दात जागा व सवड हे दोन्ही अर्थ नांदतात ('अजून अवकाश आहे'). 'अंतराळ' म्हणजे दोहोंमधील जागा. मंदिरस्थापत्यात सभामंडप आणि गर्भगृह यांना जोडणाऱ्या दालनालाही अंतराळच म्हणतात. गर्भगृहावरील शिखरयुक्त वास्तूला 'विमान' ही संज्ञा आहे. म्हणजे ज्या दोन शब्दांवाचून मराठी विज्ञानकथा जमिनीवरून हलू शकत नाही, ते दोन्ही देवळाच्या बांधणीत दगडात स्थिर आहेत. पुष्पक विमानाचे स्मरण सर्वांनाच असते. देवळाचे सहसा कोणाला होत नाही. विमान आणि अंतराळ या दोहोंत मुळात अंतर कापण्याची कल्पना अनिवार्य नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

'कृष्णविवर' हा शब्द याहून गुंतागुंतीचा आहे. इंग्रजी संज्ञा १९६७ पासून जॉन व्हीलर यांच्यामुळे रूढ झाली. १९७४ साली जयंत नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी पाठविली व तिला प्रथम पारितोषिक मिळाले. (टोपणनावाची आद्याक्षरे म्हणजे त्यांच्याच नावाची उलटलेली आद्याक्षरे.) 'विवर' म्हणजे बीळ, भोक, परंतु त्याचा धातू 'वि + वृ', म्हणजे उघडणे. 'विवरण' आणि भाषाशास्त्रातील 'विवृत' स्वर हे त्याच धातूचे. ज्यातून प्रकाशही बाहेर पडत नाही त्याला उघडण्याचा धातू लाभला. हा विरोध कोणी योजिलेला नाही. पण कथा शिकविणाऱ्यास तो उपयोगी पडावा. विद्यार्थ्यास 'काळे भोक' असे भाषांतर करून अर्थ सांगितला, तर शब्दाचे निम्मे अंग वाया जाते.

'उडती तबकडी' या शब्दाविषयी थोडक्यात. १९४७ साली केनेथ आर्नल्ड या वैमानिकाने पाण्यावर फेकलेल्या बशीच्या उड्यांची उपमा गतीसाठी दिली. वृत्तपत्रांनी ती आकाराला लावली. मराठीने बशी टाकून तबकडी घेतली, हे चांगलेच झाले. पानसुपारीचे तबक आणि ग्रामोफोनची फिरती तबकडी, दोन्ही वाचकाच्या घरातली होती. उडती बशी म्हटले असते तर भीतीऐवजी हसू आले असते.

खरी हानी झाली ती 'यंत्रमानव' या शब्दात. कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून 'रोबो' जगभर गेला. शब्द सुचविला तो त्यांचे बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. मराठीत या अर्थाचा नेमका शब्द होताच: संस्कृत 'विष्टि'पासून आलेला 'वेठ', आणि त्याला फारसी 'बिगार'ची जोड देऊन झालेला 'वेठबिगार'. तरीही मराठीने 'यंत्रमानव' पत्करला. या समासात यंत्र आहे आणि मानव आहे. नाही ते फुकट राबविले जाणे. चापेक यांच्या नाटकात रोबो बंड करून मानवजात संपवितात. त्या बंडाचे कारण चेक वाचकाला नावातच सापडते, मराठी वाचकाला ते कथानकात शोधावे लागते. नारळीकरांनी 'वामन परत न आला' या कादंबरीत बुद्धिमान यंत्रमानवाला 'वामन' असे नाव दिले आहे. तीन पावलांची याचना करून दात्याचे सर्वस्व व्यापणारा हा बटू वेठबिगार नव्हे, याचक आहे. आणि बळीप्रमाणेच येथेही त्याला दारात घेणारा माणूसच असतो.