लाळेऱ्यावर रागावू नको, पोरी

पोरी, लेकराचं लाळेरं सारखं भिजतं म्हणून तू कुरकुरतेस, आणि शेजारची काकू म्हणते की डोहाळे राहिले असतील. तुझे डोहाळे सगळ्या घरानं पुरवले होते, भरीत-भाकरीसकट, तेव्हा तो घोर सोड. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बाळाला लाळ जास्त सुटते आणि गिळायचं अजून जमत नाही, एवढंच ते.

पण ही लाळ म्हणजे पुढे येणाऱ्या दातांची राखण आहे. केळीच्या बागेला जसं ठिबक, तशी दातांना लाळ: थेंब थेंब, दिवसभर. ती आम्ल निवळते, अन्नाचे कण धुऊन नेते आणि दाताचं जे झिजलं असेल तिथे कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा भरते. तिला तिचं काम करू दिलं, की दाताचं अर्धं दुखणं टळलं. ते कसं करू द्यायचं, तेवढं सांगते.

१. खाण्याच्या वेळा ठरव आणि दोन खाण्यांत दोन-अडीच तास तोंड रिकामं राहू दे – गोड किंवा पिठूळ तोंडात गेलं की तोंडातले जंतू काही मिनिटांत आम्ल करतात, आणि ते निवळायला लाळेला अर्धा ते एक तास लागतो. अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात दातांवरचं हे आम्ल मोजून दाखवलं. रडलं की बिस्कीट, हसलं की बिस्कीट असं केलंस तर लाळेची पाळी येणारच कधी? चरतं तोंड, किडतं तोंड.

२. गोड जेवणासोबतच दे. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि पुरणपोळी पोटभर खाऊ दे – चावताना लाळ भरपूर सुटते, ती गोडाला पुरून उरते. उरलेल्या सांजोऱ्यांचा डबा मात्र वरच्या फळीवर ठेव, दिवसभर येता-जाता तुकडा तोडणं वाईट.

३. केळ्याला मी नावं ठेवणार नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपल्याच तालुक्यातल्या तांदलवाडीचं नाव आहे. जेवणाच्या वेळी दे आणि वर दोन घोट पाणी पाज – पिकलं केळं चिकटतं, पण पाण्यानं निघतं. वेफर्स जपून. खारट लागतात म्हणून निरुपद्रवी वाटतात, पण दाढेच्या खाचेत अडकलेला पिठूळ चोथा लाळेमुळेच तिथल्या तिथे साखरेत बदलतो, आणि जंतूंना तो आयता मिळतो.

४. उन्हाळ्यात वरचं खाऊ लागलेल्या लेकराला तहान लागायची वाट बघू नको, माठातलं पाणी मधून मधून पाजत जा – मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, अंगातलं पाणी आटलं की लाळही आटते. शाळेच्या बाटलीत साधं पाणीच भर. सरबत घोट घोट पिणं म्हणजे दातांना दिवसभर साखरेच्या पाण्यात भिजत ठेवणं.

५. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नको – झोपेत लाळ जवळपास थांबते, आणि वरच्या पुढच्या दातांशी साचलेलं दूध रात्रभर तिथेच राहतं. अंगावर निर्धास्त पाज. दात आल्यावर रात्रीचं पाजून झालं की ओल्या मऊ फडक्यानं दात पुसून घे. चोखणीला मध लावायचा तर विचारही नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये.

६. पहिला दात दिसला त्या दिवसापासून ब्रश, आणि दोन वेळांपैकी रात्रीची वेळ कधी चुकवू नको – रात्री लाळ फारशी नसते, म्हणून तोंड स्वच्छ करूनच निजवायचं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात, तसं करू नको. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश तूच फिरव. तो "मी करतो" म्हणेल, त्याला आधी करू दे, मग तू कर.

७. घासून झाल्यावर फेस थुंकायला लाव, पण खळखळून चूळ भरायला लावू नको – फ्लोराइड थोडा वेळ लाळेत राहिलं तरच दाताच्या कामाला येतं.

८. भाकरी स्वतः चावून त्याला भरवू नको, वरण चाखलेला चमचा त्याच्या तोंडात घालू नको – दात किडवणारे जंतू बहुतेक वेळा घरातल्या मोठ्यांच्याच लाळेतून बाळाकडे जातात. आजीला हे सांगताना शब्द जपून वापर, तिनं तुलाही असंच भरवून वाढवलंय. माया एक, चमचे दोन. आणि तुझी स्वतःची किडलेली दाढ आधी दाखवून ये, ती कधीची टाळते आहेस.

९. लेकरू तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, तर कानाघशाच्या डॉक्टरला दाखव – नाक चोंदलं की श्वास तोंडानं चालतो आणि होती ती लाळही वाळते.

१०. खोकल्याचं गोड औषध दिलं की वर पाणी पाज – त्यात साखर असते, आणि सर्दीची काही औषधं तोंड कोरडं पाडतात.

११. दात आले की चावायला लाव: दादर ज्वारीची भाकरी, काकडी – चावलं की लाळ जास्त सुटते. अख्खे शेंगदाणे मात्र चार-पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतात. कूट करून दे.

१२. महिन्यातून एकदा उजेडात बसवून वरचा ओठ उचलून बघ – हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते, आणि तेवढ्यावर सावध झालं तर फ्लोराइड आणि लाळ मिळून ती भरून काढू शकतात. तपकिरी खड्डा पडला की लाळेच्या हातात काही राहत नाही.

१३. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ उगवते, तिच्यावर डोळा ठेव – कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात. पण ती कायमची असते. तिच्या खाचा खोल असतात, त्या वेळीच भरून बंद करता येतात, डॉक्टरला विचार.

१४. "दुधाचेच आहेत, पडतील" असं कुणी म्हटलं तर ऐकून घे आणि आपलं काम कर – शेवटच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, आणि खालच्या पक्क्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. दात दुधाचा, ठणका खराच.

१५. दाढ ठणकली तर रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा काढतो म्हणणाऱ्याकडे नेऊ नको, मिश्रीही लावू नको – दातात किडा नसतोच, आणि तंबाखूची सवय हिरडीवाटेही लागते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात, ते दातही बघतात. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नको. मोठं काम निघालं तर धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. पण पहिली भेट दुखायच्या आधी, पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास करून ठेव – न दुखता बघितलेल्या खुर्चीची लेकराला भीती वाटत नाही.