पुस्तक मिटल्यावर काय उरते?



दहावीच्या परीक्षेआधीच्या रविवारी मिस्सेत मुलांच्या पेनांना आशीर्वाद देतो. गेल्या वर्षी त्या मिस्सेनंतर एक माउली आपल्या मुलाला घेऊन मला भेटायला आली. "फादर, ह्याच्या डोक्यावर हात ठेवा. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत पुस्तक घेऊन बसतो, पण सराव परीक्षेत विज्ञान भाग २ मध्ये चाळीसपैकी नऊ!" मुलगा मान खाली घालून उभा होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि मग सहज विचारले, "अरे, सूत्री विभाजन म्हणजे काय ते सांग बघू." थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "फादर, पुस्तक बघितलं की येतं."

ह्या एका वाक्यात त्याचा सगळा आजार होता. मला तो ओळखता आला, कारण तोच आजार मलाही होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना एका तोंडी परीक्षेसाठी मी टिपणे चार वेळा वाचली होती, रंगीत पेन्सिलींनी रेघा ओढल्या होत्या. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पान आले, पानावरची हिरवी रेघसुद्धा आली, पण रेघेच्या वर काय लिहिले होते ते काही आले नाही!

ओळखणे आणि आठवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात एखादा माणूस भेटतो, चेहरा पक्का ओळखीचा असतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. धडा तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि मनाची समजूत होते की आपल्याला सगळे येते. आता २०१८ सालच्या अभ्यासक्रमानुसार होणारी प्रश्नपत्रिका पाहा. विज्ञान भाग २ चे ४० गुण, वेळ दोन तास. त्यात अचूक पर्याय निवडणे, जोड्या लावणे अशा छोट्या प्रश्नांना १० गुण. तेथे नुसती ओळख थोडीफार कामाला येते. उरलेले ३० गुण शास्त्रीय कारणे, फरक, आकृत्या आणि सविस्तर उत्तरे ह्यांना आहेत. तेथे समोर कोरा कागद असतो आणि पुस्तक नसते.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना विज्ञानाचे छोटे उतारे दिले. त्यांपैकी एक समुद्री पाणमांजरांविषयी होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. पण आठवड्याने चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षा काही पाच मिनिटांनी होत नाही, म्हणून हा दुसरा आकडा आपल्या कामाचा.

तेव्हा करायचे काय? धड्याचा एक भाग समजून वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहा किंवा काढा. मग पुस्तक उघडून लाल पेनाने चुका दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद, आठवड्याने पुन्हा. पहिला कागद लाल रंगाने भरून जाईल. वाईट वाटून घेऊ नका. चूक घरच्या टेबलावर सापडली तर तिचे गुण जात नाहीत.

त्या मुलाला मी असेच बसवले. सूत्री विभाजनाच्या चार अवस्थांची नावे त्याला पाठ होती: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. पण नावाखाली चित्र काढता येईना. मी म्हटले, "नावे सोड. गुणसूत्रे काय करतात तेवढेच काढ." आधी ती आखूड व जाड होतात, मग मध्यभागी रांगेत उभी राहतात, मग प्रत्येकाचे दोन भाग होऊन दोन टोकांकडे ओढले जातात. ओढली जात असताना ती केळीच्या फण्यांसारखी दिसतात. शेवटी दोन टोकांना दोन केंद्रके तयार होतात. चार चित्रे काढून झाल्यावर नावे आपोआप जागेवर बसली.

'केळीच्या फण्या' म्हटल्यावर तो हसला, कारण त्याच्या आजोबांची केळीची वाडी आहे. मग मी विचारले, "आजोबा केळ कशी लावतात? बी पेरतात का?" "नाही फादर, मुनवे लावतात." "मग मुनव्याची केळ आईसारखीच का निघते?" येथे तो थांबला. पुस्तकातले 'शाकीय प्रजनन' आणि आजोबांचे मुनवे ही एकच गोष्ट आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मुनवा सूत्री विभाजनाने वाढतो, गुणसूत्रे जशीच्या तशी मिळतात, म्हणून राजेळीच्या मुनव्याला राजेळीच येते. आंब्याचे पाहा. हापूसची कोय पुरली तर झाड येते, पण फळ हापूसचे निघेल याची खात्री नाही, कारण बी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजनाने गुणसूत्रे अर्धी होतात आणि दोन निरनिराळे अर्धे एकत्र येतात. म्हणून बागाईतदार कलम बांधतो. आणि केळीत बी का नसते? आपण खातो त्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, ११ चे तीन म्हणजे ३३. तीन वाट्यांचे दोन सारखे भाग करायचे कसे? अर्धगुणसूत्री विभाजन तेथेच अडते आणि बी धरत नाही. दोन्ही विभाजनांतला फरक लिहा, हा प्रश्न आला तर वाडीत एक चक्कर मारून आलेला मुलगा तो विसरेल का?

नववीतला मेंडेलचा धडा अनेकांना जड जातो. बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांचे ३:१ आणि जनुकांच्या जोड्यांचे १:२:१, एवढे घोकतात. त्याऐवजी दोन नाणी घ्या. छाप म्हणजे प्रभावी जनुक, काटा म्हणजे अप्रभावी. दोन्ही एकदम ४० वेळा उडवा आणि लिहून ठेवा. निदान एक छाप असलेल्या खेपा ३० च्या आसपास येतील, अगदी ३० येतीलच असे नाही. ऑगस्टिनियन मठवासी ग्रेगर मेंडेल यांनाही नेमके तीनास एक मिळाले नव्हते. त्यांनी मोजलेल्या वाटाण्यांत गोल दाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० होते. गणित करून पाहा, तिनापेक्षा किंचित कमी येते. जाता जाता सांगतो, हेच मेंडेल शिक्षकांच्या पात्रता परीक्षेत १८५० साली नापास झाले आणि १८५६ साली पुन्हा बसले तेव्हाही उत्तीर्ण झाले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्यांचे प्रयोग सुरू केले.

दोन धड्यांविषयी स्पष्ट बोलायला हवे. मानवी प्रजननाचा भाग मुले लाजून सोडून देतात, आणि कित्येकदा घरातली मोठी माणसेही विषय टाळतात. मासिक पाळी, प्रजनन संस्थेची आकृती, हे सारे अभ्यासक्रमात आहे. देवाने घडवलेल्या शरीराची माहिती घेण्यात लाज कसली? मुलांनो, शंका असेल तर शिक्षकांना विचारा, आईला विचारा. दुसरा धडा उत्क्रांतीचा. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, "फादर, डार्विनचे उत्तर लिहिले तर पाप लागेल का?" नाही, बाळ. पोप बारावे पायस यांनी १९५० सालीच मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयी संशोधन व चर्चा करण्यास मोकळीक दिली होती, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली उत्क्रांतीचा सिद्धांत हा केवळ एक तर्क नव्हे असे सांगितले. उत्पत्तीच्या पुस्तकातला प्रश्न वेगळा आहे, तो आपण धर्मशिक्षणात पाहू. नैसर्गिक निवड नीट समजून घे आणि बिनधास्त लिही.

पालकांनो, आपल्याला विज्ञान येत नाही म्हणून मागे सरू नका. पुस्तक आपल्या हातात घ्या आणि मुलाला म्हणा, "हे मला समजावून सांग." तो अडखळेल तेथे थांबा आणि "का?" एवढेच विचारा. चौथी शिकलेली आईसुद्धा हे काम करू शकते. त्या माउलीने ते केले, स्वयंपाक करता करता. आणि रात्री साडेदहाला दिवा बंद करा. पेंगत वाचलेले सकाळी उरत नाही.

मुलगा मार्चमध्ये पास झाला. विज्ञानात फार गुण नव्हते, पण भाग २ चा पेपर त्याने पूर्ण सोडवला. आकृतीचे पान कोरे सोडले नाही, हे त्याने मला दोनदा सांगितले.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर नववी-दहावीच्या मुलामुलींनी हॉलमध्ये तासभर थांबावे. पाच कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर आणि दोन नाणी आणावीत. गाईड घरी ठेवावे.